शिक्षेची संहिता आणि अपराध्याचे लेखकत्व

तुरुंगसाहित्य असा शब्द उच्चारला की मराठी वाचकासमोर जी परंपरा उभी राहते, ती समाजाने ज्यांना अपराधी मानले नाही अशांची आहे. आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवस, सावरकरांची 'माझी जन्मठेप', मंडालेत लिहिले गेलेले 'गीतारहस्य', नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेली 'श्यामची आई' : या सर्व लेखनामागे एक गृहीत आहे. बंदी निर्दोष आहे, दोष असलाच तर तो बंदिवान करणाऱ्या सत्तेचा. या गृहीताने आपल्या समीक्षेची परिभाषाही घडवली. धैर्य, चिंतन, एकांत, आत्मबल हे शब्द आपण सहज वापरतो. परंतु ज्याने गुन्हा केला आहे, तो केल्याचे कबूल केले आहे आणि आता शिक्षेची तारीख जवळ येत असताना ज्याला स्वतःविषयी काही लिहावे लागणार आहे, अशा माणसाच्या लेखनाकडे पाहण्यासाठी आपल्याजवळ फारसे शब्द नाहीत. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संघीय न्यायव्यवस्थेतील अशा लेखनाचा विचार करायचा आहे. कारण तेथे या लेखनाचे नियम, मुदती आणि किंमतीही लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत. आणि साहित्यसमीक्षेने ज्याला 'प्रामाणिकपणा' म्हटले त्या कल्पनेची इतकी कठोर परीक्षा क्वचितच अन्यत्र होत असेल.

प्रथम एका साम्याचा निर्देश केला पाहिजे. २२ जुलै १९०८ रोजी पंचांनी दोषी ठरवल्यानंतर न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना, शिक्षा सुनावण्यापूर्वी काही बोलायचे आहे काय, असे विचारले. टिळकांनी दिलेले उत्तर आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरी फलकावर कोरलेले आहे. ते उत्तर आपण राष्ट्रीय वक्तृत्वाचा नमुना म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या प्रश्नाचे ते उत्तर होते तो प्रश्न दावरांचा स्वतःचा नव्हता. दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षेपूर्वी बोलू देण्याची ती जुनी इंग्रजी प्रथा होती, आणि तीच प्रथा अमेरिकेच्या संघीय फौजदारी नियमावलीतील ३२ व्या नियमात टिकून आहे. न्यायाधीशाने आरोपीला व्यक्तिशः उद्देशून बोलण्याची संधी दिली पाहिजे, असे तो नियम सांगतो. टिळकांनी त्या संधीचा उपयोग न्यायालयाची सत्ता गौण ठरवण्यासाठी केला. अमेरिकी संघीय न्यायालयात दरवर्षी उभ्या राहणाऱ्या हजारो दोषींपुढे हा मार्ग नसतो. त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी खटला न लढवता गुन्हा आधीच कबूल केलेला असतो. त्यांचे निवेदन त्यांना दोषी ठरवणाऱ्या सत्तेच्या चौकटीतच करावे लागते. फलकावर कोरले जाणारे वाक्य आणि पाच वर्षांची चार वर्षे करू शकणारे वाक्य हे दोन भिन्न वाङ्मयप्रकार आहेत.

या दुसऱ्या प्रकाराची चौकट कशी आहे ते थोडे तपशिलाने पाहावे लागेल, कारण येथे तपशील हाच आशय आहे. १९८४ च्या कायद्याने शिक्षा-आयोग स्थापन झाला आणि १ नोव्हेंबर १९८७ पासून त्याची मार्गदर्शिका अमलात आली. त्या तारखेनंतरच्या संघीय गुन्ह्यांसाठी पॅरोल रद्द झाला. मार्गदर्शिकेच्या केंद्रस्थानी एक कोष्टक आहे. त्यात गुन्ह्याच्या गांभीर्याच्या ४३ पायऱ्या आणि पूर्वेतिहासाचे ६ वर्ग, म्हणजे एकूण २५८ चौकटी. बहुतेक चौकटींत महिन्यांचे दोन आकडे, किमान आणि कमाल. ४३ व्या पायरीवर मात्र सहाही रकान्यांत एकच शब्द आहे, 'आजन्म'. आणि पॅरोल नसल्यामुळे तो शब्द शब्दशः घ्यायचा असतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बुकर खटल्यात ही मार्गदर्शिका बंधनकारक नसून सल्लावजा आहे असे ठरवले. तरीही गणित आधी मांडायचे आणि मग त्यापासून किती दूर जायचे ते ठरवायचे, ही रीत कायम आहे.

या कोष्टकात पश्चात्तापाला जागा आहे. 'जबाबदारीचा स्वीकार' स्पष्टपणे केला तर २ पायऱ्या कमी होतात. मूळ पायरी १६ किंवा त्याहून वरची असेल आणि आरोपीने वेळीच कबुली देऊन सरकारचा खटल्याचा खर्च वाचवला असेल तर सरकारच्या विनंतीवरून आणखी १. पूर्वेतिहास जवळजवळ नसलेल्या माणसाची २६ वी पायरी ६३ ते ७८ महिन्यांची आहे, २३ वी ४६ ते ५७ महिन्यांची. म्हणजे स्वीकाराचे मोल येथे १७ ते २१ महिने. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन आत्मनिष्ठा' ही संज्ञा रूढ केली तेव्हा लेखकाचा व्यावहारिक खरेपणा आणि अनुभवाशी असलेली त्याची निष्ठा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांना सुचवायचे होते. संघीय मार्गदर्शिका या दोहोंनाही बाजूला ठेवून तिसरीच गोष्ट मोजते : वेळेवर उच्चारलेले, विशिष्ट रूपातले वाक्य.

येथे पुष्कळ भाष्यकार थांबतात आणि निषेध करतात. पश्चात्तापाला भाव लावला की तो पश्चात्ताप राहत नाही, वकिलाबरोबर बसून चार वेळा लिहून घेतलेले क्षमायाचनेचे भाषण म्हणजे नाटक, असा हा आक्षेप आहे. तो वरवर बिनतोड दिसतो. मला तो तितकासा पटत नाही. आक्षेप घेणाऱ्याच्या मनात उत्स्फूर्ततेचे एक स्वच्छंदतावादी प्रमाण दडलेले असते. जे आतून उमटले तेच खरे, जे घडवले ते खोटे. कवितेच्या बाबतीत हे प्रमाण आपण केव्हाच सोडून दिले. दहा खर्डे केलेली कविता अप्रामाणिक असते असे आज कोणी म्हणणार नाही. मग ज्या निवेदनावर माणसाची वर्षे आणि ज्याचे नुकसान झाले त्या माणसाचे समाधान अवलंबून आहे, ते निवेदन मात्र न घडवता यावे अशी अपेक्षा का? तयारी करताना अपराध्याला पहिल्यांदाच कागदावर लिहावे लागते की नुकसान कोणाचे झाले. कितीतरी अपराध्यांना पहिल्या खर्ड्यात हे लिहिताच येत नाही. त्यात वकिलाचा खर्च, बायकोची नोकरी, मुलांची शाळा, वर्तमानपत्रांनी केलेली बदनामी एवढेच असते.

पॉल द मान यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात रूसोच्या आत्मकथनातील चोरलेल्या फितीच्या प्रसंगाचे जे विश्लेषण केले, ते येथे उपयोगी पडते. कबुली आणि सबब यांत ते भेद करतात. कबुलीतील विधान पडताळून पाहता येते, म्हणजे फीत चोरली की नाही याला पुरावा असू शकतो. सबब मात्र मनाच्या आतल्या भावनेचा दाखला देते, आणि त्या भावनेला ती सांगणाऱ्या शब्दांखेरीज दुसरा पुरावा नसतो. म्हणून सबब कधी पुरी होत नाही; ती बोलत राहते आणि बोलण्यातूनच नवा दोष निर्माण करते. संघीय शिक्षापूर्व निवेदनाचा पेच नेमका हाच आहे. कबुली कोष्टकात मोजून झालेली असते. न्यायाधीशाला आता जे ऐकायचे असते ते पडताळता न येणारे आहे.

दोन प्रसिद्ध निवेदने शेजारी ठेवून पाहू. २९ जून २००९ रोजी बर्नार्ड मॅडॉफने न्यायालयात मागे वळून बळींची क्षमा मागितली. बचावपक्षाने सुमारे १२ वर्षांची, आणि तेवढी शक्य नसेल तर १५ ते २० वर्षांची शिक्षा मागितली होती. प्रोबेशन विभागाने ५०. न्यायाधीश डेनी चिन यांनी १५० वर्षे दिली. एकाही कलमाखाली आजन्म कारावासाची तरतूद नसल्यामुळे सर्व कलमांच्या कमाल शिक्षांची ती बेरीज होती, आणि शिक्षेच्या प्रतीकात्मक अर्थाचा उल्लेख चिन यांनी स्वतः केला. साहित्याच्या अभ्यासकाला अधिक अर्थपूर्ण वाटावी अशी त्यांची दुसरी नोंद आहे. मॅडॉफच्या सत्कृत्यांची साक्ष देणारे एकही पत्र आपल्याकडे आले नाही, असे ते म्हणाले. अशा प्रसंगी आप्तेष्टांनी, सहकाऱ्यांनी न्यायाधीशाला पत्रे लिहिण्याचा प्रघात आहे. येथे जी पत्रे लिहिलीच गेली नाहीत तीही वाचली गेली. अलिखित संहितेचे इतके ठोस वाचन कोणत्याही विरचनावाद्याला हेवा वाटावा असे आहे.

दुसरे निवेदन सॅम बँकमन-फ्राइडचे, २८ मार्च २०२४ चे. त्याने गुन्हा कबूल केला नव्हता, अपील करायचे ठरले होते. तरी त्याला बोलायचे होते. तो बराच वेळ बोलला. ग्राहकांना सोसावे लागले याचे, सहकाऱ्यांनी उभे केलेले वाया गेले याचे दुःख त्याने व्यक्त केले. न्यायाधीश कॅप्लन यांना त्यात गुन्हा केल्याबद्दलच्या पश्चात्तापाचा एकही शब्द दिसला नाही. शिक्षा २५ वर्षांची झाली. हा व्याकरणाचा प्रश्न आहे आणि मराठी माणसाला तो चटकन कळावा. 'वाईट झाले', 'माझ्या हातून चूक झाली', 'मी चूक केली' ही तीन वाक्ये आपण तीन वेगळ्या प्रसंगी वापरतो. मधले वाक्य आपल्याकडे सभ्य क्षमायाचनेचे प्रमाण रूप आहे. कर्ता त्यात असतो, पण षष्ठी आणि पंचमी यांच्या आडोशाला. संघीय न्यायालयाला तिसरे वाक्य हवे असते. आणि अपील करू इच्छिणाऱ्याला नेमके तेच परवडत नाही. १९९९ च्या मिचेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षेच्या वेळी आरोपी गप्प राहिला म्हणून गुन्ह्याच्या तथ्यांविषयी त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येणार नाही. मात्र त्या मौनातून पश्चात्तापाचा अभाव वाचता येईल का, हा प्रश्न न्यायालयाने मोकळा ठेवला. मौनाच्या अर्थाचा हा प्रश्न कायद्याने जणू समीक्षेकडेच सोडून दिला आहे.

इथवर आपण बोललेल्या शब्दाविषयी बोलत होतो. परंतु माझ्या मते या वाङ्मयप्रकाराचे केंद्र तेथे नाही. न्यायालयातील निवेदन दहा-पंधरा मिनिटांत संपते. त्याची आठवण ठेवणारे थोडेच असतात. जी संहिता अपराध्याबरोबर आत जाते, त्याच्या आधी आत पोचते आणि त्याच्या सुटकेनंतरही उरते, ती दुसरीच आहे. कबुलीनंतर प्रोबेशन अधिकारी आरोपीची मुलाखत घेतो आणि शिक्षापूर्व चौकशी-अहवाल लिहितो. जन्म, आईवडील, लहानपणीची मारहाण, शाळा, विवाह, नोकऱ्या, आजार, दारू, कर्जे, मालमत्ता, आणि अर्थात गुन्हा : सर्व काही क्रमांकित परिच्छेदांत, तृतीय पुरुषी, भावनाहीन भूतकाळात. मसुदा शिक्षेच्या निदान ३५ दिवस आधी द्यावा लागतो, हरकती १४ दिवसांत नोंदवाव्या लागतात.

फूकोने १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की तुरुंगाची संस्था गुन्हा करणाऱ्याच्या जागी 'अपराधी प्रवृत्तीचा माणूस' नावाची व्यक्ती उभी करते, आणि ही व्यक्ती घडते ती चरित्राच्या द्वारे. आपल्याकडे फूकोचे नाव निघाले की चर्चा गोलाकार तुरुंगाच्या नकाशापुढे सहसा सरकत नाही. चरित्राविषयीचा हा भाग विद्यार्थ्यांनी अधिक वाचायला हवा. कारण चौकशी-अहवाल म्हणजे फूकोला अभिप्रेत असलेले चरित्र आहे. त्याची शैली लेखकाचा मागमूस ठेवत नाही. 'तो म्हणतो की आपले बालपण सामान्य होते' आणि 'त्याचे बालपण सामान्य होते' या दोन वाक्यांमधील अंतर बाख्तीनच्या वाचकाला सांगावे लागणार नाही. अहवालात ही दोन्ही प्रकारची वाक्ये एकमेकांशेजारी बसतात आणि कोणत्या वाक्यामागे कोणाचा आवाज आहे हे पुसट होत जाते. सरकारी वकिलाने दिलेला वृत्तान्त निवेदकाचा होऊन जातो.

याच्या पुढचा नियम कथनशास्त्राला अपरिचित आहे. अहवालातील ज्या भागावर हरकत घेतली नाही, तो भाग न्यायालय सिद्ध तथ्य म्हणून स्वीकारू शकते. न खोडलेले वाक्य खरे ठरते. कादंबरीत अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना वाचकाला संशयाचा अधिकार देते. येथे तो अधिकार मुदतबंद आहे. शिवाय ज्या कृत्याबद्दल दोषसिद्धी झालेली नाही तेही 'संबंधित वर्तन' म्हणून कथानकात येऊ शकते. निर्दोष सुटलेल्या आरोपांचा विचारही १९९७ च्या वॉट्स खटल्यानंतर दीर्घकाळ मान्य होता. तो मार्गदर्शिकेच्या गणितातून वगळण्याची दुरुस्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आली.

शिक्षा झाल्यावर अहवाल तुरुंग विभागाकडे जातो. कोणत्या सुरक्षा-पातळीच्या तुरुंगात पाठवायचे, कोठले काम द्यायचे, कोणत्या आजाराची दखल घ्यायची, हे ठरवताना अधिकाऱ्यांसमोर तोच असतो. त्यातील एक तपशील तर कथेचा विषय व्हावा असा आहे. १९९४ च्या कायद्यानुसार व्यसनमुक्तीचा निवासी कार्यक्रम पुरा करणाऱ्या, हिंसक गुन्हा नसलेल्या बंद्याची सुटका एक वर्षापर्यंत अलीकडे येऊ शकते. पण अटकेपूर्वीच्या काळात व्यसन होते याची नोंद लागते, आणि ती बहुधा या अहवालात शोधली जाते. म्हणजे मुलाखतीत, आई शेजारच्या खोलीत बसली आहे म्हणून, किंवा न्यायाधीशाचे मत वाईट होईल म्हणून, ज्याने आपले पिणे लपवले त्याची लाज त्याला एक वर्षाला पडते. आणि ज्याने थोडे वाढवून सांगितले? त्याचे चरित्रही आता तसेच झाले. आत गेल्यावर गटासमोर बसून त्याला ते महिनोन्महिने बोलावे लागेल. या दोघांपैकी अप्रामाणिक कोण हे नीतिशास्त्राने ठरवावे. समीक्षेने एवढेच पाहावे की येथे जीवन आधी आणि चरित्र नंतर हा क्रम उलटला आहे.

म्हणून 'तयारी' या शब्दाकडे पुन्हा यावे लागते. शिक्षेची तयारी म्हणजे न्यायाधीशाला द्रव आणण्याची युक्ती, असा समज सर्वत्र आहे, आणि तशा युक्त्या शिकवणारे धंदेवाईक सल्लागारही आहेत. परंतु संहितेच्या दृष्टीने पाहिले तर तयारी हा लेखकत्वासाठीचा झगडा आहे. आपल्याविषयीची जी एकमेव अधिकृत गोष्ट लिहिली जाणार आहे तिच्यात आपले एखादे वाक्य आपल्या आवाजात राहील काय, एवढाच त्या झगड्याचा विषय. जो अपराधी अधिकाऱ्याला भेटण्यापूर्वी स्वतःच्या हाताने आपला वृत्तान्त लिहून नेतो, गुन्हा न वगळता, तो शिक्षा टाळत नसतो. कित्येकदा त्याची शिक्षा एका महिन्यानेही कमी होत नाही. रॉबर्ट कव्हर यांनी १९८६ च्या निबंधात बजावले होते की न्यायाधीशाचा शब्द हा वाङ्मयीन शब्द नव्हे. त्याच्या मागे वेदना देणारी यंत्रणा उभी असते, आणि आरोपी शांतपणे चालत आत जातो तो पटले म्हणून नव्हे. हा इशारा माझ्या प्रतिपादनालाही लागू आहे. अपराध्याला लेखक म्हणताना त्याला पेन दिलेल्या हाताचे विस्मरण होता कामा नये. मी एवढेच म्हणतो की त्या हाताची जाणीव असूनही लिहिले गेलेले वाक्य रिकामे नसते.

प्रकाशित तुरुंगस्मरणांत हा झगडा कितपत उतरतो? पायपर कर्मन यांचे २०१० चे 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' मालिकेमुळे सर्वांना ठाऊक आहे. १९९८ मध्ये दिलेली कबुली आणि २००४ च्या फेब्रुवारीत डॅनबरीच्या तुरुंगाच्या दारात स्वतःहून हजर होणे, यांत पाच वर्षांहून अधिक काळाची वाट पाहणे आहे. शिक्षा मात्र १५ महिन्यांची, भोगलेली १३. माझ्या वाचनात पुस्तकाचे बळ त्या प्रतीक्षेत आहे, स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जाण्यात आहे. आतल्या बायकांची व्यक्तिचित्रे रेखाटू लागताच निवेदिका ओळखीच्या, थोड्या सुखकर विनोदाकडे वळते. तिला बाहेर लेखिका व्हायचे आहे आणि ती होऊ शकते, हे वाचकाला सतत जाणवते. त्याच्या दुसऱ्या टोकाला जॅक हेन्री ॲबट यांची नॉर्मन मेलर यांना लिहिलेली पत्रे, जी १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आली. पॅरोलच्या त्या काळात साहित्यगुण हे सुटकेच्या बाजूचे एक कारण ठरले. सुटल्यानंतर काही आठवड्यांतच ॲबटने एका माणसाचा खून केला. शैली पाहून माणसाची हमी देणाऱ्या साहित्यिकांची ती नामुष्की होती. पण त्यावरून शैली आणि सत्य यांचा संबंधच नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे दुसरी चूक. ॲबटच्या पत्रांत तुरुंग आहे, स्वतःवरचा अन्याय आहे, विचारधारा आहे. ज्यांना त्याने इजा केली ती माणसे जवळजवळ नाहीत. ही अनुपस्थिती वाचणारा कोणी तेव्हा भेटला नाही. २००९ मध्ये न आलेली पत्रे वाचणारा न्यायाधीश मात्र भेटला.

आतील दैनंदिन जीवनाविषयी येथे फार लिहीत नाही. दुपारी चारची उभ्याने होणारी मोजणी, आठ आकडी नोंदणी क्रमांक, वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवसांची सद्वर्तनाची सूट, हे सर्व अन्यत्र पुष्कळदा सांगून झाले आहे. एका नियमाचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. संघीय तुरुंगातील बंद्याला स्वतःच्या चौकशी-अहवालाची प्रत जवळ बाळगता येत नाही. कारण व्यावहारिक आहे : कोणी सरकारला माहिती दिली, कोणाचा गुन्हा कोणत्या प्रकारचा, हे अहवालातून कळते, आणि इतर बंदी कागद दाखवण्याची सक्ती करतात. नियम बंद्याच्या रक्षणासाठीच आहे. तरी त्याचा परिणाम असा की ज्या संहितेप्रमाणे त्याची खोली, काम, उपचार आणि सुटकेची तारीख ठरली, ती त्याच्या उशाशी असू शकत नाही. वाचायची असेल तर विनंती करावी लागते. मग ठरलेल्या वेळी तो कर्मचाऱ्याच्या कार्यालयात जातो, मेजाच्या अलीकडच्या बाजूला बसून आपल्या बालपणाविषयीचा परिच्छेद वाचतो, आणि कागद परत देतो.